जंतू परत येतात कुठून?

तीन महिन्यांत चौथ्यांदा ऋजुताचा घसा लाल झाला आणि तिच्या आईचा, मैथिलीचा धीरच सुटला. औषध घेतलं की आठ वर्षांची ही पोर ठणठणीत, पंधरा दिवसांत पुन्हा ताप! डॉक्टरांनी टॉन्सिल काढायला दोन महिन्यांनंतरची तारीखही देऊन ठेवली होती.

त्याआधी एकदा घर बघायला दवाखान्यातून टिटवी आली. कुकरएवढा, बारीक पायांवर तुरुतुरु चालणारा यंत्रमानव.

"ताई, गोळ्या पूर्ण दहा दिवस दिल्या?"

"एकही चुकवली नाही. वेळा लिहून ठेवल्यात."

"ब्रश बदलला?"

"प्रत्येक वेळी. पाणीसुद्धा उकळून देते."

"आई मला श्वाससुद्धा गाळून देईल," ऋजुता घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"गप्प बस. घशाला ताण नको." मैथिलीने मऊभाताचा चमचा ओठांना लावून पाहिला, फार गरम नाही ना, आणि तोच लेकीला भरवला. दुसरा घासही तसाच. टिटवीचा हिरवा दिवा लुकलुकला.

"ताई, आ करा."

"मी? मला कुठे काय झालंय?"

तरी तिने तोंड उघडलं. टिटवीने दोघींच्या घशांतून कापसाच्या वेगवेगळ्या बोळ्यांनी नमुने घेतले आणि त्यांतल्या जीवाणूंचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जिवांचे) जनुकीय ठसे (प्रत्येक वाणाची वेगळी ओळखखूण) भिंतीवर उमटवले. रंगीत पट्ट्यांच्या दोन रांगा. मैथिलीने एकेक पट्टी ताडून पाहिली. कुठेच फरक नव्हता.

"तुम्ही वाहक आहात," टिटवी म्हणाली. (वाहक म्हणजे ज्याच्या अंगात जंतू राहतात, पण जो स्वतः आजारी पडत नाही.) "औषधाने ऋजुताचे जंतू मरतात. तुमचे तसेच राहतात आणि चमच्यावर बसून पुन्हा तिच्याकडे जातात."

"म्हणजे दोन खोल्यांत कचरा, आणि आपण झाडतोय एकच!" ऋजुता ओरडली.

मैथिलीला रडू फुटलं. "जीव लावून भरवत होते गं मी..."

"म्हणून तर सापडत नव्हतं," टिटवी म्हणाली. "घरात सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?"

डोळे पुसता पुसता मैथिली त्या पट्ट्यांकडे पाहत राहिली. ज्याचं वजन जाणवत नाही, ज्याला डोळे नाहीत, अशा जिवाचा माग या कुकरएवढ्या पोरीने दोन घासांत काढला होता!

ऋजुताच्या बाबाचाही घसा तपासला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी मायलेकींना एकाच दिवशी औषध सुरू केलं आणि चमचे वेगळे करायला लावले. दहा दिवस झाले, मग पंधरा, मग महिना. ताप आला नाही. दोघींचे नमुने कोरे आले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख खोडली.

"आई, वर्गातल्या सगळ्यांचे ठसे एकदम घेतले, तर घसा दुखायच्या आधीच कळेल ना?" ऋजुताने गॅलरीतून खणखणीत आवाजात विचारलं. समोरच्या इमारतीतली माणसं वळून बघू लागली.

'हळू बोल' हे शब्द मैथिलीच्या अगदी जिभेवर आले होते.

"कळेल की," ती म्हणाली. "पण ते घ्यायचे कसे, ते आता तू सांग. मोठ्याने सांग."