अठ्ठ्याऐंशी नंबरची गाठ

जरा डोळे मीट पाहू. आता अशी कल्पना कर, की आपण दोघं एका चौथ्या मजल्यावरच्या घरात शिरलो आहोत. बाहेर दुपारपासून बारीक पाऊस लागून राहिला आहे. आत अजून दिवा लावलेला नाही. आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला पांढऱ्या दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधलेली आहे. आरामखुर्चीला बारा. भिंतीवरच्या घड्याळाला एकोणीस. पितळी दुर्बिणीला एकतीस. खिडकीतून वारा आला की साऱ्या चिठ्ठ्या एकदम हलतात, आणि घर स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्यासारखं वाटतं.

या घरात एक मुलगी राहते. मुलगी म्हणायचं आपलं, तिशीला आली आहे. पण घरचे तिला अजून धाकटीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ‘हे स्पष्ट दिसतं... की हे?’ असं दिवसातून शंभरदा विचारते. पण तिच्या डोळ्यांत कोणी वाकून पाहावं, असं फारसं कधी घडलेलं नाही.

तिचे बाबा जमिनी मोजायचं काम करत. पाच महिन्यांपूर्वी ते गेले. सुरुवातीला संध्याकाळी चहासाठी तिच्या हातून चुकून दोन कप निघायचे. मग हाताला सवय झाली. आता एकच निघतो.

बाबांच्या वस्तू तिच्यात आणि तिच्या दादात वाटायच्या होत्या. अशा वेळी कोर्टाला आणि करखात्याला त्या वस्तूंची यादी द्यावी लागते, किमतीसकट. ती किंमत घरच्यांनी आपल्या मनाने लिहून चालत नाही. त्यासाठी जाणकार लागतो, आणि तोही परका.

तो परका माणूस धाकटीला पहिल्यांदा भेटला तो जिन्यात. लिफ्ट बंद होती. ती भिजलेली छत्री झटकत वर येत होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर एक माणूस मोठी काळी बॅग मांडीवर घेऊन दम खात बसला होता.

“आम्हाला काही घ्यायचं नाहीये,” ती जाता जाता म्हणाली.

“मला काही विकायचंही नाहीये,” तो म्हणाला. “मी किंमत करायला आलोय.”

“कसली?”

“वरच्या घरात जे जे आहे, त्याची.”

ती थांबली. “वरच्या घरात मी राहते.”

तो गडबडून उठला. बॅग कलंडली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पायऱ्यांवरून पार खालच्या मजल्यापर्यंत घरंगळत गेला. “तुम्ही सोडून,” तो घाईघाईने म्हणाला. “तुम्ही यादीत नाही.”

दोघांनी मिळून चिठ्ठ्या गोळा केल्या. पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच जिन्यात हसली. आणि आपण हसलो, हे तिला घरात शिरून छत्री ठेवल्यावर कळलं.

काम तीन फेऱ्यांचं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. तो दाराशी बूट काढायचा, ते भिंतीला लावून सरळ ठेवायचा आणि मग कामाला लागायचा. वस्तू उचलायची ती दोन्ही हातांनी. खालून बघायची, भिंगातून बघायची, मोजायची, फोटो काढायचा. मग वहीत लिहून चिठ्ठी बांधायची. त्याची गाठ ठरलेली होती — दोन वेढे, एक पीळ, टोक आत. दोरा कापल्याशिवाय सुटायची नाही.

दादाची सात वर्षांची लेक, गोटी, शाळा सुटली की आत्याकडेच असायची. तिने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं — किंमतकाका.

“किंमतकाका, किंमत म्हणजे काय?”

“चांगला प्रश्न आहे.” तो खरोखरच जमिनीवर मांडी घालून बसला. “समज, तुझ्याकडे एक वस्तू आहे. मला ती हवी आहे. तुला विकायची घाई नाही, मला घ्यायची घाई नाही. आणि त्या वस्तूबद्दल जे काही खरं आहे, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. अशा वेळी आपण दोघं ज्याला हो म्हणू, ती किंमत.”

“आणि आजोबांना ती खूप आवडायची, त्याचे किती?”

त्याने वहीचं पान उलटून पाहिलं. “त्याला माझ्या वहीत रकाना नाही गं.”

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली आणि तिने दोन कप काढले.

आता टेबलाकडे बघ. तिथे एक लाकडी बैठक आहे, तिला दोन खुंट्या. एका खुंटीवर पृथ्वीचा गोल, दुसरीवर आकाशाचा. निळ्या रंगावर सोनेरी ठिपक्यांच्या चांदण्या. फुटबॉलपेक्षा थोडा लहान. साऱ्या घरात सर्वांत मोलाचं काही असेल, तर ही जोडी.

“दोन्ही मिळून शंभर म्हण,” तो गोटीला समजावत होता. “एक हरवला तर राहिलेल्याचे किती?”

“पन्नास! सोप्पंय.”

“वीससुद्धा नाही.”

“हॅ! असं कसं?”

“कारण बघणाऱ्याला सारखी शेजारची रिकामी खुंटी दिसत राहते.”

गोटीने विचार केला. “म्हणजे बुटासारखं?”

“अगदी! एका बुटाचे कोण किती देणार? तो घालून कुणी कुठे जाऊही शकत नाही.”

धाकटी हसली, पण तिची नजर त्या दोन खुंट्यांवरून लवकर हलली नाही.

“तुमच्या घरची यादी केलीत कधी?” तिने चहा देताना विचारलं.

“माझ्या? अर्ध्या पानात संपेल. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची...” तो कपाकडे बघत राहिला. “दिवसभर दुसऱ्यांच्या घरात असतो. बहुतेक घरांत नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं. माझी वाट कोणीच बघत नाही. मी आलो म्हणजे वाटणी आली.”

“मी बघते,” असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “साखर बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. साखर घालायची ती विसरलीच होती.

तिसऱ्या फेरीला काम संपायचं होतं. त्या दिवशी तो आला, टेबलापाशी गेला आणि थबकला. एक खुंटी रिकामी होती.

त्यांनी कपाटं धुंडाळली, पलंगाखाली पाहिलं. आकाश काही सापडेना. यादी अपुरी ठेवता येईना, म्हणून तो पुढच्या मंगळवारी पुन्हा आला. मग शुक्रवारी. मग पुन्हा मंगळवारी. गोल तसाच बेपत्ता. पण दर वेळी थोडं शोधणं व्हायचं आणि बरंचसं बोलणं.

“डावा डोळा मिटा,” ती एकदा थट्टेने म्हणाली. “समोर काय दिसतं?”

“तुम्ही.”

“आता उजवा मिटा.”

“तुम्हीच... जरा उजवीकडे सरकलेल्या.”

“दोन्ही मिटा.”

त्याने मिटले. बाहेर पन्हळीतून पाणी वाजत होतं. ‘आता काय दिसतं’ हे विचारायचा धीर मात्र तिला झाला नाही...

तो गेला की घर पुन्हा पुटपुटू लागायचं. त्याचा कप ती लगेच विसळत नसे. सकाळपर्यंत तसाच राहू द्यायची.

आणि मग सातव्या फेरीला दादा आला.

“बावीस तारखेला यादी कोर्टात द्यायचीय,” तो बूटसुद्धा न काढता म्हणाला. “तीन फेऱ्यांचं काम, आणि महाशयांच्या सात झाल्या! हरवलंय काय, तर नेमकी सगळ्यांत भारी वस्तू. धाकटे, घराची किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“मग?”

“मग म्हणजे काय, दादा?”

“म्हणजे काही नाही. बाबांची आठवण म्हणून ठेवला असशील बाजूला, तर सांगून टाक. मी काही खाणार नाही तुला.”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हातातली बशी टेबलावर ठेवली. जन्मभर एका ताटात जेवलेला भाऊ तिला चोर म्हणत होता, तेही हळू आवाजात, समजूतदारपणे. खिडकीपाशी बसलेली गोटी एकदम बुटाच्या नाडीशी खेळू लागली.

“गोल घरातच आहे,” तो परका माणूस म्हणाला.

सगळे वळले.

“अठ्ठ्याऐंशी नंबर. आतल्या खोलीतली रजयांची पेटी.”

दादाने पेटी उघडली. तिसऱ्या रजईच्या घडीत आकाश होतं. एकही चांदणी खरचटलेली नव्हती.

“तुम्हाला कसं कळलं?” दादाने विचारलं.

“गाठीवरून. त्या पेटीची चिठ्ठी मी कडीत ओवून बांधली तेव्हा माझी गाठ होती; दोरा कापल्याशिवाय पेटी उघडली नसती. नंतर बघितली तर तिथे फुलपाखरासारखी गाठ, दोन कान काढलेली. शाळेच्या बुटांना बांधतात तशी.”

गोटीने आपले दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“नंतर म्हणजे कधी?”

तो धाकटीकडे न बघता बोलू लागला. “दोन आठवडे झाले. मी बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर यादी संपली असती... आणि मला इथे यायला काही कारण उरलं नसतं. त्यापायी यांच्यावर आळ आला. चूक माझी आहे. लहानग्या मुलीची नाही.”

दादा ‘आँ’ करून बघत राहिला. “अहो, यादी संपवायलाच तर तुम्हाला बोलावलं होतं!”

“हो. म्हणूनच मला आता तिच्यावर सही करता येणार नाही. शेवटच्या पानावर लिहून द्यावं लागतं, की या घराशी आणि घरातल्या माणसांशी माझा कसलाही हितसंबंध नाही. आजवर मी ते डोळे मिटून लिहीत आलो. इथे लिहिलं तर खोटं होईल. आमच्या कार्यालयातल्या मोठ्या बाई येतील, एक नंबरपासून पुन्हा मोजतील. कोर्टाला मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः करतो. कारणासकट.”

“कारणासकट!” दादाने कपाळाला हात लावला. मग तो बहिणीकडे वळला. “धाकटे... मी काय बोलून गेलो गं.”

“बोललास खरा,” ती म्हणाली. “विसरायला मला थोडे दिवस दे.”

त्याने मान हलवली आणि तो गोटीसमोर उकिडवा बसला. “का लपवलंस ते? आजोबांचं होतं म्हणून?”

गोटीने ओठ बाहेर काढला. “किंमतकाका आले की आत्या दोन कप काढते. ते येत नाहीत तेव्हा एकच काढते... आणि दिवा पण नाही लावत.”

दादा उठला, ‘फोन करून येतो’ असं काहीसं पुटपुटला आणि बाल्कनीत जाऊन फोन न करताच उभा राहिला.

तो परका माणूस बॅग आवरू लागला. भिंग, टेप, उरलेल्या चिठ्ठ्या.

“बाईंचं काम होईपर्यंत मला या घरात येता येणार नाही,” तो खाली बघत म्हणाला. “दीड महिना. कदाचित दोन.”

“घरात यायचं नाही,” धाकटी म्हणाली. “पण चष्म्याच्या दुकानात कोणीही येऊ शकतं.”

“माझे डोळे उत्तम आहेत.”

“ते तुम्ही नाही ठरवायचं. त्याला जाणकार लागतो.”

“परका?”

या वेळी तिने नजर खाली घातली नाही.

“तुम्हीच सांगितलं होतंत ना गोटीला,” ती हळूच म्हणाली. “जे काही खरं आहे ते दोघांनाही ठाऊक हवं. ते आज झालं. आणि घाई...”

“मला नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला?”

“मला आहे... थोडी. पण मी थांबेन.”

दोन महिने म्हणजे सोळा मंगळवार-शुक्रवार. तितक्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावर पुन्हा एकच कप निघणार होता, हे दोघांनाही समजत होतं. त्याने बॅग उचलली. दाराशी गेला. आणि तिथेच उभा राहिला.

भिंतीला लावून नीट ठेवलेल्या दोन बुटांपैकी एकच जागेवर होता.

“गोटे!” दादा बाल्कनीतून ओरडला. “काकांचा बूट कुठाय?”

गोटी तोवर आतल्या खोलीत गेली होती. तिने अठ्ठ्याऐंशी नंबरची पेटी बंद केली आणि दोन वेढे, एक पीळ देऊन, टोक आत घालून गाठ बांधली. आज ती तिला पहिल्यांदाच बरोबर जमली. मग ती स्वयंपाकघरात गेली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि फळीवरून दोन कप खाली काढले.