मूळ कागदाबरहुकूम

"जगाच्या कागदांवर शिक्के मारताना तुझा हात दुखत नाही, आणि घरच्या पोराच्या एका कागदाला तुला ताप येतो होय गं?"

मिएन, म्हणजे माझी आई, माझा जन्मदाखला मावशीच्या टेबलावर आपटत ओरडली… इतक्या जोरात, की खालच्या नूडल्सवालीनंसुद्धा कढई बाजूला ठेवून मान वर केली असेल!

सेन मावशीनं दाखल्याकडं बघितलंच नाही. टेबलावर सांडलेल्या टाचण्या ती एकेक करून डबीत टाकत राहिली.

"ताई, दुसऱ्याकडून करून घे ना. चोंगलीच्या होआंग भाऊंकडं जा."

"होआंग भाऊ गेले गावी, तेतला, नव्या वर्षाच्या सणाला! सगळे गेले! उद्यापासून नोटरीबाईंचं ऑफिस बंद, ते उघडेपर्यंत हा घोडा अठराचा होऊन बसेल. मग ह्यांनी दत्तक घेऊन काय उपयोग? व्हिसा संपला की चालता हो म्हणतील. कुठं जाईल हा? आजीच्या थडग्यावर राहायला?"

खरंच होतं ते. व्हिएतनाममधे, विन्ह लोंगला आता माझं कुणी नव्हतं. आजी गेली, घराला कुलूप लागलं, शाळा तर मी आधीच सोडली होती. मिएन इथं तैवानात, ताओयुआनला लो काकांशी लग्न करून आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आता लो काका मला दत्तक घ्यायला तयार होते, पण माझी अठरा वर्षं भरायच्या आत कागद कोर्टाच्या खिडकीत पडले पाहिजेत, असं त्या खिडकीवरच्या बाईनं स्वच्छ सांगितलं होतं. आणि त्यातला पहिला कागद हाच, माझा व्हिएतनामी जन्मदाखला, चिनी भाषेत केलेला. त्याच्याखाली भाषांतर करणाऱ्यानं नोटरीसमोर शपथ घ्यायची, की हे मूळ कागदाबरहुकूम आहे.

स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत हे काम मावशीचं. कुणाचं लग्न, कुणाचा काडीमोड, कुणाच्या पोराचे मार्क, कारखान्यात मेलेल्या कुणाच्या नवऱ्याचा मृत्युदाखला… सगळं तिच्या हाताखालून जायचं. कधी कुणाला नाही म्हणाली नव्हती ती. मलाच नाही म्हणत होती!

माझं डोकं फिरलं.

"राहू दे गं आई. हिला मी इथं नकोच आहे. लहानपणापासून बघतोय मी. बूट पाठवले, जॅकेट पाठवलं, झालं! फोन करणार, तोही धड वाढदिवसाला नाही, पंधरा-वीस दिवस आधीच. भाच्याची जन्मतारीखसुद्धा लक्षात राहत नाही हिच्या. गावी यायची तेव्हा एकदा तरी जवळ घेतलं मला? लांबून बघायची नुसती… मी काय चावणार होतो?"

मावशीच्या हातातली डबी उलटली. टाचण्या पुन्हा सांडल्या. या वेळी तिनं त्या गोळा केल्या नाहीत.

आता ते सांगतो, जे मला त्या घडीला ठाऊक नव्हतं आणि त्या दोघींना ठाऊक होतं.

मावशी एकोणीस वर्षांची होती. नारळ वाहणाऱ्या बोटीवरचा एक पोरगा नदीनं खाली गेला तो परत आलाच नाही, आणि मागं मी राहिलो. मिएनचं लग्न झालेलं, पोटी काही नाही. ती म्हणाली, "दे माझ्याकडं. माझ्या नावावर लावते. तुझं सगळं आयुष्य पडलंय अजून." अठरा दिवस मला आतल्या खोलीत लपवलं… आणि मग मिएनच्या तेव्हाच्या नवऱ्यानं गावच्या कचेरीत जाऊन सांगितलं, आज आम्हाला मुलगा झाला! कागदावर तीच तारीख लागली. आणि त्या संध्याकाळी आजीनं मावशीला पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं उभं केलं, हातात उदबत्त्या दिल्या आणि म्हणाली, "आजपासून तू त्याची मावशी. जवळ घेऊ नकोस त्याला. तोंडानं गप्प राहशील, पण तुझं अंग बोलेल."

मावशीनं ते पाळलं. सतरा वर्षं पाळलं! तैवानला आली, एका म्हाताऱ्याची सेवा केली, त्याच्याच वर्तमानपत्रावर चिनी वाचायला शिकली, एका विधुराशी लग्न केलं, तोही गेला… पण मला छातीशी धरायची ओढ तिनं अशी दाबून टाकली, की मला ती थंड बाई वाटावी!

आणि आता तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. सही केली नाही, तर पोराच्या मनात कायमचं राहणार, की मावशीला मी नकोसा होतो. आणि सही करायची, तर नोटरीबाईंसमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, की हा माझा कुणी नाही. त्या बाई फार कडक. स्वतःच्या नवऱ्याचे, आईबापांचे, पोटच्या पोरांचे कागद करू देत नाहीत, भाच्यांचे चालतात. दर वेळी तोंडी विचारतात आणि तोंडी उत्तर घेतात. एकदा घरच्यांनी पोर तिच्या कुशीतून काढून घेतलं होतं, तेव्हा निदान ते दुसऱ्यांचे हात होते… आता तिनंच आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, दुसऱ्या देशाच्या भाषेत पुन्हा एकदा ते देऊन टाकायचं होतं!

तिनं माझ्याकडं बघितलं. मी रागानं तोंड फिरवलं.

"आण तो कागद," ती म्हणाली.

ती टाइप करत होती तेव्हा आई दारात उभी राहून नखं कुरतडत होती. ही बडबडी बाई एकाएकी गप्प का झाली, ते मला कळेना. एकदा फक्त म्हणाली, "सेन, चहा आणू का गं?" मावशी म्हणाली, "नको ताई. आईच्या नावापर्यंत आलेय. थांबले तर पुढं जाता येणार नाही."

मला वाटलं, काम अवघड असेल.

नोटरीबाईंच्या दाराशी पिवळ्या संत्र्यांचं झाड, त्याला सणाची लाल पाकिटं टांगलेली. आत बाईंची निघायची घाई. तरी त्यांनी पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली धरून मूळ कागद आणि मावशीचा कागद ताडून बघायला लागल्या. गाव बरोबर. बापाचं नाव बरोबर. आईचं नाव बरोबर… आणि मग पट्टी थांबली.

"सेनबाई, हे काय? मूळ कागदावर वीस फेब्रुवारी आहे. तुम्ही दोन लिहिलंय."

मावशीनं पट्टीजवळच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"इतक्या वर्षांत तुमची चूक पहिल्यांदाच बघतेय मी. सणाची घाई, दुसरं काय!" बाई हसल्या.

माझं चिनी तोडकंमोडकं. पण बाजारात कांद्याच्या गोण्या उचलून आकडे तरी पक्के झाले होते, आणि तो दोनचा आकडा पट्टीवर माझ्या डोळ्यांसमोरच होता.

दोन फेब्रुवारी!

दर साली मावशीचा फोन यायचा तो दिवस. "लाम, आज आजीनं अंडी घालून डुकराचं मटण केलंय ना रे? जेवलास ना पोटभर?" आणि आजी खरंच त्या दिवशी नारळाच्या पाण्यात मटण शिजवायची, आणि सगळ्यात मोठं अंडं न बोलता माझ्या वाटीत टाकायची. वीस तारखेला मात्र रोजचंच, मासे आणि भाजी. आणि यंदा मी इथं आल्यावर, या दोन तारखेला, सकाळी दार उघडलं तर बाहेर एक गरम डबा. मावशी जिना उतरून जात होती, हाक मारली तरी वळली नव्हती…

मी आईकडं बघितलं. मिएननं दोन्ही हात तोंडावर दाबले होते. तिचे डोळे म्हणत होते, सेन, काय केलंस हे! कारण ही तारीख खरी धरली तर मी अठराचा होऊनही गेलो होतो. सगळा खेळ खलास!

"चूक झाली," मावशी म्हणाली. आवाज असा, जसा विहिरीच्या तळातून यावा. "वीस लिहायचं होतं. आता दुरुस्त करते."

"आणि नेहमीचा प्रश्न," नोटरीबाई म्हणाल्या. "हा तुमचा मुलगा नाही ना?"

'मुलगा' हा शब्द मला कळायचा. लो काका भाजीवाल्यांना माझी ओळख त्याच शब्दानं करून द्यायचे.

मावशीनं एकदा माझ्याकडं पाहिलं… आणि त्या नजरेत सतरा वर्षांचं सगळं वात्सल्य असं भरून आलं, की ती आता सांगणार, सगळं सांगणार, असं मला वाटलं. आणि सांग, सांगून टाक, मरू दे तो व्हिसा, असं माझ्या ओठांवर आलं!

"नाही," ती म्हणाली. "भाचा आहे माझा."

मग तिनं तारखेवर रेघ मारली, वीस लिहिलं, सही केली आणि आपला लाल शिक्का उमटवला. तिचा शिक्का कधी तिरका पडत नाही. तो पण सरळ पडला.

आई स्कूटर काढायला पुढं धावली. खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. जिन्यात मी आणि मावशी. मी हेल्मेट चढवलेलं, कागद तिच्या हातात.

"मावशी, तेओ आठवतो? गावातला, शेजारचा?"

"हं… का रे?"

"तो त्याच्या आईला ताई म्हणायचा. का म्हणायचा?"

तिनं जिन्याचा कठडा धरला. "भुतांना कळू नये म्हणून. आधीची दोन पोरं गेली होती ना तिची. भुतं ऐकतात, कोण कुणाला आई म्हणतंय ते. ताई म्हटलं की त्यांना वाटतं, हे हिचं पोर नव्हेच… मग नेत नाहीत."

"मग मी पण तुला मावशीच म्हणणार," मी म्हणालो. "शेवटपर्यंत. बघू कोण नेतंय मला."

ती खालच्या पायरीवर मटकन बसली. मी तिच्यासमोर वाकलो आणि तिनं मला ओढून घेतलं. माझं हेल्मेट तिच्या कपाळावर खाडकन आपटलं!

"अगं, लागलं का?"

"लागू दे," ती रडत म्हणाली, "लागू दे रे बाळा… लागू दे!"

हॉर्न वाजवून वाजवून आई वर आली. आम्हाला बघून जागीच उभी राहिली. मग खाली बसून तिनं आधी आमच्यामधला कागद हलकेच काढून घेतला. "चुरगळेल," म्हणाली, आणि मग तिलाही रडू कोसळलं. "सेन, तुझं पोर मी घेतलं, आणि वर मीच तुझ्यावर ओरडले गं…"

"असं नको बोलूस ताई. माझ्याकडं त्याला द्यायला नाव नव्हतं. ते तू दिलंस."

"फोन करून रडायचीस तेव्हा मी फोन ठेवून द्यायचे. मला भीती वाटायची, परत मागशील."

"मागणार होते," मावशी म्हणाली. "दर वर्षी. दोन तारखेला."

त्या दिवशी खिडकी बंद होता होता कागद आत पडला.

आज कोर्ट आहे. न्यायाधीशबाई एकेकाला आत बोलावतायत. लो काका जाऊन आले, टाय सैल करत बसलेत. आई आत आहे. मावशीला आत कुणी बोलावणार नाही, ती नुसती नातेवाईक म्हणून आलीय. बाकावर माझ्या शेजारी बसलीय, मांडीवर डबा. अंडी घातलेलं मटण आहे, वास येतोय. "आत्ता नाही, नंतर," म्हणून दोनदा माझा हात झटकलाय तिनं. आज काही वाढदिवस नाही, ना खरा ना खोटा. विचारलं तर म्हणाली, "मागचे राहिलेत ना सतरा."

मला विचारणार आहेत, तुझी आई कोण. उत्तर मी रात्रभर घोकलंय. मीही मूळ कागदाबरहुकूमच सांगणार. मावशीनं त्या दिवशी सांगितलं तसं, न अडखळता.

आई बाहेर आली. ती आधी मावशीकडं बघतेय, मग माझ्याकडं. शिपायानं माझं नाव घेतलं. मावशीनं डबा घट्ट धरलाय आणि मान खाली घातलीय.

बास, मला आत जायला हवं आता.