पलीकडचे हातमोजे

दिवा जरा इकडे सरकवा. ही काचेची नळी बघा, पण हातात घेऊ नका. आतला तो काळा तुकडा माझ्या ताईने केलेला आहे. शेवटचा.

तसं त्या दुपारी मी अगदी साध्या कामाला गेले होते. प्रयोगशाळेतली आमची काचेची पेटी संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची होती. सुट्टीचा दिवस, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. त्या पेटीवर ताईने आणि मी वर्षानुवर्षं समोरासमोर बसून काम केलं. आत हवा नसते, कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. दोन्ही बाजूंना जाड रबराचे लांब हातमोजे बसवलेले असतात, त्यांत हात घालूनच आतलं काम करायचं. आतल्या दाबाने ते रिकामे मोजे बाहेर फुगून येतात, कुणी खोलीत हात पसरल्यासारखे. नवीन माणूस हमखास दचकतो. ताई मात्र रोज सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करायची. "काय म्हणता, झाली का झोप?"

आम्ही गॅडोलिनियम नायट्राइड करायचो. गॅडोलिनियम हा दुर्मीळ धातू. त्याचा कीस भट्टीत लालबुंद तापवायचा आणि वरून नायट्रोजन सोडत राहायचं, तासन्‌तास. धातू तो वायू पितो आणि काळा पडतो. पण या काळ्या पदार्थाला ओल अजिबात सोसत नाही. नुसता श्वास लागला तरी त्याचा पांढरा भुगा होत जातो आणि अमोनियाचा नाकात झोंबणारा वास सुटतो. "बाहेरची हवा लागली की गेलाच वाया," ताई म्हणायची, "आत्याच्या धाकट्यासारखा!" त्याची आणखी एक खोड आहे. कल्पनेपलीकडच्या थंडीत तो लोहचुंबकाला घट्ट चिकटतो, आणि उबेत आला की ओळखही दाखवत नाही.

ताई छातीच्या आजाराने गेली. या कामामुळे नव्हे, तसं काही मनात आणू नका. शेवटी शेवटी एकेका श्वासासाठी ती पलंगाची कड घट्ट धरायची आणि मी शेजारी बसून वारा घालायचे. दुसरं करणार तरी काय? ती गेल्यावर तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, आणि पेटी उघडली की त्याचाही भुगा होणार होता. म्हणून मी ठरवलं, आधी हा तुकडा आतच नळीत घालून बूच लावायचं, मग बाहेर आणून काच वितळवून तिचं तोंड कायमचं बंद करायचं.

हे दोघींचं काम. एकीने नळी धरायची, दुसरीने तुकडा सोडायचा. मी एकटीच धडपडत होते. नळी सारखी आडवी होत होती. मला रडू आवरेना, आणि दोन्ही हात मोज्यांत अडकलेले, डोळे पुसायचे कशाने?

"ताई, धर ना गं जरा..." सवयीने तोंडातून निघून गेलं.

पेटीत नायट्रोजन खेळवणाऱ्या पंपाची घरघर मंदावली. पलीकडचे मोजे इतका वेळ बाहेर फुगलेले होते, ते हळूहळू आत आले. एकेक बोट भरत गेलं. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती.

त्या मोज्यांनी नळी उभी धरली. करंगळी जराशी वर... ताई धरायची तशीच.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेलात. अहो, जिच्यासाठी इतके दिवस टाहो फोडला, तिच्यापासून पळायचं? मी तुकडा आत सोडला. माझा हात तिच्या बोटांना लागला आणि रबरातूनही हाडापर्यंत गारठा शिरला. पेटीच्या कोपऱ्यात पडलेलं लोहचुंबक आपोआप सरकत आलं आणि नळीच्या बाहेरून, बरोबर तुकड्यापाशी, टक्‌ करून चिकटलं.

"ताई... बरी आहेस ना?"

फक्त एक लांब श्वास ऐकू आला, ओढून ओढून घेतलेला. मी बूच बसवलं. मोजे पुन्हा बाहेर फुगले, रिकामे.

नळीचं तोंड मी स्वतः वितळवून बंद केलं. जोड पक्का आहे, कितीदा तरी तपासून पाहिला. तरी आता दिवा जवळ धरा... दिसलं? आतून काचेवर धुकं धरतं, विरतं. पुन्हा धरतं. किती संथ चाललंय. असा निवांत श्वास तिला अखेरच्या दिवसांत मिळालाच नाही. आणि दर वेळी तुकड्याची कड थोडी पांढरी होत जाते. निम्मा झालाय आता. वास तुम्हालाही येतोय ना?

तो संपला की ती कुठे जाईल, मला माहीत नाही. पण जिला एका श्वासासाठी तडफडताना पाहिलं, तिला आता श्वास घेऊ नकोस असं कोणत्या तोंडाने सांगू?