काजळतळ्यातले आ वासलेले मासे

मासे तोंडं उघडून पाण्यावर आले होते आणि समोरचे चुरमुरे मात्र एकालाही नको होते. मैना धक्क्यावर ओणवी होऊन बघत राहिली. हे काय आक्रीत?

डोंगराच्या कुशीतलं काजळतळं गेला आठवडाभर ढगांखाली गुदमरून पडलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता. पाणी हिरवंगार झालेलं, वर कुबट वास.

"बघत काय बसलीस? भुकेनं मरतायत मुकी जनावरं. टाक आणखी!" सखूआत्या नावेतून ओरडली. तळ्यावर नावा तिच्या. हौशी पाहुण्यांना मासेमारीचे गळ भाड्यानं तीच देई, माशांना चारायला चुरमुऱ्यांच्या पुड्याही तीच विकी. पुण्य इतकं स्वस्त मिळाल्यावर शहरातली माणसं एका पुडीवर थोडीच थांबतात!

मैनानं टोपलीभर चुरमुरे ओतले. तिची लाडकी बाणी, पाठीवर पांढरा ओरखडा असलेली रोहू, तिथंच होती. ती चुरमुऱ्यांकडे वळलीसुद्धा नाही. कुशीवर कलली.

"पाणमामा!" मैना किंचाळली.

पाणमामा म्हणजे तळ्याची राखण करणारा, कासवासारखा दिसणारा यंत्रमानव. त्याच्या पोटाशी संवेदक (पाण्यात काय कमी, काय जास्त ते ओळखणारी साधनं) होते. आत्या त्याला डबडं म्हणे.

"बाणी भुकेली नाही," तो जवळ येत म्हणाला. "तिला धाप लागलीय."

"पाण्यात राहून?"

"पाण्यातला श्वासच संपत आलाय. माशांना गालांमागे कल्ले (श्वास घ्यायच्या लाल झालरी) असतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू (सरबतातल्या साखरेसारखा मिसळलेला, न दिसणारा) ते ओढून घेतात. वरचं पाणी हवेला लागून असतं, तिथंच थोडा उरलाय. म्हणून सगळे वर."

"कुणी संपवला?"

यंत्राला भीडभाड नसते. "चुरमुऱ्यांनी. उरलेले बुडून कुजतात. कुजवणारे सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे जीव) प्राणवायू खर्च करतात. त्या कुजण्याचं खत होऊन शेवाळ माजतं. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री आणि अशा काळोख्या दिवसांत सोडण्यापेक्षा जास्त शोषतं."

मैनानं टोपली बाजूला ठेवली. "म्हणजे ते वर आले म्हणून आम्ही टाकलं, आणि टाकलं म्हणून ते आणखी..."

"हो. आता पाणी उडवा. उडालेलं पाणी हवा घेऊन खाली पडतं. फक्त तळाचा गाळ ढवळू नका."

"आत्ये, पुड्या बंद कर! आपणच मारतोय त्यांना!"

"डबड्याचं ऐकून माझ्या धंद्यावर उठलीस होय गं?" आत्या कडाडली. तेवढ्यात तिच्या नावेशेजारी एक मासा पोट वर करून तरंगला. मग दुसरा. आत्या नावेतल्या पाहुण्यांकडे वळली.

"ओ साहेब, गळ ठेवा खाली, वल्ही धरा! पाण्यावर आपटा. जोरात! जेवून आलाय ना?"

पाहुणे वल्ही आपटू लागले. पाणमामानं कारंजं उडवलं. मैना जाळीनं चुरमुरे उपसत राहिली. संध्याकाळपर्यंत धक्क्याजवळचे पुष्कळ मासे तगले. बाणी तगली नाही. मैनानं तिला काठावर पुरलं. आत्यानं खड्डा खणून दिला आणि त्या दिवशी ती कुणावरच खेकसली नाही.

पुढं ऊन पडलं. शेवाळ ओसरायला वेळ लागला, पण तळ्याचा पृष्ठभाग रिकामा झाला. एकही तोंड वर दिसेना.

"मासे संपले वाटतं तळ्यातले!" एक पाहुणा हिरमुसून म्हणाला.

"आहेत खाली," मैना म्हणाली. "त्यांना आता वर यायची गरज नाही."

"मग चुरमुऱ्यांची पुडी तरी द्या."

"देते की," आत्या म्हणाली, "पण माझ्यासमोर बसून तुम्हीच खायची."