तीन कोरे कागद

"ब्रेकले डिंक लावता का मॅडम?"

रिनाने मागे वळून पाहिलं. चंद्रपुरातल्या मुश्ताकभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला टेकून एक तरुण हसत होता. बाहेर भुरभुर पाऊस. त्याच्या केसांवर बारीक थेंब... आणि डोळ्यांत निव्वळ खोडी.

"डिंक नाही, इपॉक्सी," ती गंभीरपणे म्हणाली. "ब्रेक ऑइलची टाकी गळतेय."

"कुठून गळून राह्यली ते पाह्यलं का?"

"पाहिलं. टाकी मास्टर सिलिंडरमध्ये बसते, तिथून."

"मंग टाकी चांगली आहे. खालची दोन रबरं कडक झाली. वरून लेप लावून काई होत नाई. मुश्ताकभाई, मॅडमले दोन नवी रबरं द्या. अन् ऑइलची सीलबंद बाटली."

त्याचं नाव नागसेन. तो मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचा. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून रिकामा. रिना ऊर्जानगरला वीजकेंद्रात पाणी तपासणारी केमिस्ट.

"मी घरीच बसवणार आहे," ती म्हणाली.

"बसवा ना. पण नंतर हवा काढाले दोन माणसं लागतात. दुसरं कोण आहे?"

घरी बाबा होते, रामाजी; गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. पण तेवढंच सांगायला तिला उगाचच वेळ लागला...

शुक्रवारी सकाळी तो क्वार्टरवर आला. रिना रबरी हातमोजे आणि लॅबचा चष्मा घालून तयार.

"फटाके फोडाचे आहेत का?"

"डोळ्यांत उडालं तर हसू येणार नाही तुम्हाला."

त्याने निमूटपणे तिचा दुसरा चष्मा घातला. जुनं ऑइल तिने सिरिंजने ओढून घेतलं, टाकी त्याने अलगद उपसली. रबरं खरंच भेगाळली होती.

"नव्या रबराले खोबरेल लाव बेटा, सरकन बसंल," वऱ्हांड्यातून रामाजी म्हणाले.

"नाही!" "नाई!" दोघं एकदमच ओरडली.

"तेलानं हे रबर फुगतं, बाबा."

"ब्रेक ऑइलच लावाचं, काका."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्याशा गोष्टीवर कोणाचं आपल्याशी इतकं एकमत व्हावं, याचं रिनाला फार नवल वाटलं.

पत्र्यावर सांडलेला थेंब तिने लगेच पाण्याने धुतला. रंग खातो तो. मग ती ब्रेकवर पाय ठेवून सीटवर बसली. नागसेन चाकाशी आडवा झाला. ती त्याला दिसत नव्हती, तो तिला दिसत नव्हता. फक्त आवाज.

"दाबा... धरून ठेवा..." तो चाकामागचा हवा काढायचा निपल सैल करी, ऑइलसोबत बुडबुडे नळीतून बाटलीत जात, निपल पुन्हा आवळला जाई. "सोडा."

दर वेळी ती टाकीत नवं ऑइल भरून येई. चौथ्या चाकाशी बुडबुडे थांबले. निपल आवळल्याचा आवाजही तिने ऐकला. पण "सोडा" येईना.

"नागसेन... सोडू का?"

"थांबा ना थोडं."

तिचा पाय भरून आला होता. तरी ती थांबली.

हात धुताना तो म्हणाला, "आता तीन दिवस गाडी हलवू नका. खाली पांढरा कागद ठेवा. एक थेंब जरी दिसला तं मले फोन करा."

"पण सोमवारी तुम्ही सिरोंच्याला..." तिकडे लांब, दवाखान्याच्या गाडीवर नोकरी लागल्याचं त्याने मघाशीच सांगितलं होतं.

"थेंब पडला तं थांबतो ना. मोहर्लीची जिप्सी कुठी पळून चालली?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

तिने रोज नवा कागद ठेवला, कोपऱ्यात तारीख लिहून. रोज सकाळी ती दोनदा वाकून पाही. कागदावर वीजकेंद्राची राख पडायची. थेंब मात्र नाही. रविवारी, तिसऱ्या संध्याकाळी, मोबाइल हातात घेऊन ती बराच वेळ बसली. जे दिसलं नाही ते लिहायची तिला सवय नव्हती. तिने लिहिलं — 'तीन दिवस पूर्ण. एकही थेंब नाही. काम उत्तम झालं. आभार.'

उत्तर लगेच आलं. 'बरं झालं मॅडम.'

थेंबाविना एखाद्याला थांबवता येतं, हे तिला सुचलंच नाही.

दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायची मुदत आली, तशी ती दुकानात गेली. मुश्ताकभाईंनी बाटलीसोबत एक धुळकट पाकीट काउंटरवर ठेवलं.

"हे तुमच्याच गाडीचं. नागसेननं घेऊन ठेवली होती, रबरांची अजून एक जोडी. बॅग इथीच, अन् तो तीन दिवस त्या बाकावर. फोन वाजला का उठे. म्हणे, 'लागतीन भाई, पक्कं लागतीन.'" ते हसले. "लागलीच नाई."

"आता... कुठे असतात?"

"सिरोंच्यालेच. मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं ना त्याचं."

रिनाने पाकीट उघडून पाहिलं. दोन रबरं, मऊ, न वापरलेली. तिने ते पर्समध्ये ठेवलं.

क्वार्टरसमोर तिने गाडी सावकाश थांबवली. रामाजी वऱ्हांड्यातच होते.

"ब्रेक बरोबर आहे ना बेटा? गळत तं नाई?"

ती वाकली. गाडीखालची जमीन कोरडी होती.

"नाही बाबा," ती म्हणाली. "एकही थेंब नाही."