खुर्चीवरून न उठणारी सुंदरी

सकाळपासून त्रिपुरसुंदरी खुर्चीवरून उठली नव्हती. दूर तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या त्या ऑफिसात एसी असा, की टेबलावर मासा ठेवला तर आठवडाभर ताजा राहावा; तरी हिच्या कपाळावरून घामाच्या धारा. बाहेर तिकडचा कार्तिकातला पाऊस आडवा झोडपत होता, आणि त्या पावसात शहरभर अँब्युलन्स धावत होत्या... हिच्या भरवशावर!

"अय्यो देवा, आता कसं करूं मी..." ती घरच्या मराठीत पुटपुटली.

"कशाचं?"

ती अशी दचकली, की खिडकीबाहेरचा कावळा पार शहराबाहेरच्या तांबरमपर्यंत न थांबता गेला. मागे एक उंच तरुण उभा. भिजलेले केस, चष्म्यावर थेंब, गळ्यात कोरं ओळखपत्र.

"मी त्र्यंबक. सोलापूरचा, कालच रुजू झालोय. इथं मराठी ऐकू आली... म्हणून थांबलो. कॉफी घेणार?"

"उठता येत नाही मला."

"पाय मुरगळलाय?"

"नाही हो! उठले, तर अँब्युलन्स हरवतील!"

त्याने खुर्ची ओढली. चेष्टा करायला तोंड उघडलं होतं त्याने. पण तिचे डोळे पाहिले आणि मिटलं.

मग तिने सांगितलं. कंपनीचा सगळा कारभार एका क्लस्टरवर, म्हणजे पुष्कळ यंत्रांच्या एका मोटेवर. त्यात नावावरून पत्ता सांगणारं एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्रॅम, जन्मापासूनच बसवलेलं. त्याच्या शेजारी एक जोडफाईल होती, हॉस्पिटलांचे पत्ते असलेली. सकाळी साफसफाई करताना अडगळ समजून सुंदरीने ती उडवली! घाबरून तेच पत्ते तिने थेट अ‍ॅड-ऑनच्या पोटात लिहिले. पण अ‍ॅड-ऑनवर असतो राखणदार प्रोग्रॅम, सासूहून कडक. आत कुणी हात घातला, की थोड्या वेळाने येऊन सगळं पहिल्यासारखं करून जातो. तो पुसतो, ही लिहिते. ही लिहिते, तो पुसतो...

"आणि पुसलेलं असताना एखाद्या गाडीनं हॉस्पिटल विचारलं तर?"

"म्हणून तर उठत नाही," म्हणत सुंदरी पुन्हा पडद्याकडे वळली.

"पुसलं!" ती ओरडली. दोघांचे हात एकदमच कीबोर्डवर पडले. तिची बोटं बर्फासारखी... त्याची तरी कुठे ऊबदार होती?

"जोडफाईल परत घाला ना. राखणदार तिला शिवत नाही."

"घालायला आमच्या मोठ्या साहेबांची, बालाजीराव सारांची मंजुरी हवी."

"आणि काढायला?"

"नको."

"वा! घर जाळायला मोकळीक, पाणी ओतायला अर्ज!"

ती हसली. त्या दिवसातलं पहिलंच हसू, तेही अर्धं. कारण दार उघडून खुद्द बालाजीराव आत येत होते.

"त्यांना कळलं तर काढतील मला," ती कुजबुजली. "घरी काय सांगू..."

"मी केलं म्हणतो. नव्या माणसाला सगळं माफ असतं."

"वेड लागलंय का? प्रोबेशनवर आहात! संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला पाठवतील."

"पाठवू देत की." पण त्याचा आवाज चिरकला.

बालाजीराव टेबलापाशी आले. "काय चाललंय दोघांचं?"

"सर, ती जोडफाईल... माझ्याकडून उडाली," त्र्यंबक म्हणाला.

सुंदरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गप्प राहिलं, तर नोकरी वाचत होती. फक्त गप्प राहायचं... त्याच्या कानशिलावरून घाम ओघळताना तिला दिसला.

"खोटं, सार! मी उडवली. आधी मंजुरी द्या, मग काढून टाका मला!"

बालाजीराव गरजले, असे की पाऊसही क्षणभर थबकला. पण गरजता गरजताच त्यांनी वाकून मंजुरी दिली. तिने फाईल चढवली. राखणदार आला, शेजारून गेला, पत्ते जागच्या जागी. तिघांनी श्वास सोडला.

"उद्यापासून काढायलासुद्धा माझी मंजुरी," बालाजीराव म्हणाले. "तुला काढत नाही. पण तू रे? काही न करता-सवरता अंगावर का घेतलंस?"

आता खरं सांगायची पाळी त्र्यंबकची. "भीती वाटली, सर... ह्या गेल्या असत्या तर... उद्या मी इथं कुणासाठी आलो असतो?"

बालाजीराव खोकले. खिडकीतल्या पावसाकडे पाहत खोकतच निघून गेले.

"सगळं त्यांच्यासमोर कशाला बोललात?" सुंदरीचे कान लाल झाले होते.

"खरं बोलायची सुरुवात तुम्ही केलीत."

"मग उरलेलंही ऐका. हात धरा आधी... उठवत नाहीये."

"पायांना मुंग्या आल्यात?"

"नाही हो," ती उठत म्हणाली, आणि हात सोडला नाही. "आता मला भीती वाटतेय... तुम्ही निघून जाल ह्याची."