चष्मा, लेन्स आणि हुपरीचा नागसेन

राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा जिना उतरताना संघप्रियाच्या लक्षात आलं, की नाकावरचा चष्मा सारखा घसरतोय. डोळ्यांत थेंब घातलेले, बाहेर मार्चचं पांढरंफटक ऊन. तिनं चष्मा काढून हातानं चाचपला. काड्या जाड, फ्रेम रुंद... हा तिचा नव्हताच.

तेवढ्यात कुणीतरी कठडा धरत धरत वरून उतरत आलं.

"पावणं, जरा थांबा की," आवाज आला. "तुमचा चष्मा माझ्या कानाला टोचायलाय."

तपासणीच्या वेळी दोघांनी एकाच टेबलावर चष्मे ठेवले होते आणि निघताना हाताला लागला तो उचलला होता. गंमत म्हणजे दोघांचे नंबरही जवळपास सारखेच होते, म्हणून चटकन कुणाला कळलं नाही. इतक्या जाड भिंगाचं दुसरं माणूस संघप्रियाला आजवर भेटलंच नव्हतं. चष्मे ज्याचे त्याला मिळाले, तरी समोरचा चेहरा काही नीट दिसेना. थेंबांचा अंमल होता, ऊन डोळ्यांत घुसत होतं. आवाज मात्र छान होता. थोडा खरखरीत, आत कुठंतरी हसू दडवलेला...

अशा डोळ्यांनी रस्ता ओलांडण्यात अर्थ नव्हता. दोघं जिन्याच्या सावलीत पायरीवर टेकले.

त्याचं नाव नागसेन. हुपरीचा, घरात चांदीचं काम. पैंजणांना बारीक घुंगरं झाळायचं, म्हणजे तापवून डाग देत जोडायचं काम त्याच्याकडं होतं. त्या वेळी तो चष्मा काढून ठेवायचा. दागिना डोळ्यांजवळ धरला की केसाएवढी फटसुद्धा त्याला दिसायची. संघप्रियाला हे भारी नवल वाटलं. ज्या नंबरापायी ती लहानपणापासून कावली होती, तो कुणाच्या कामाचा असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती. मैदानात चष्मा चालत नसे, म्हणून ती अंदाजावर खेळायची. मागच्या सामन्यात लांबून मारलेला चेंडू तिला दिसलाच नाही. सरांनी बजावलं होतं, स्पर्धेआधी डोळ्यांचं काहीतरी कर, नाहीतर गोलमध्ये दुसरी उभी राहील. त्यामुळं तिनं लेझरचं मनावर घेतलं होतं.

"चेंडू दिसत न्हाय, तर अडवता कसा?" त्यानं विचारलं.

"मारणारीचा पाय बघतो. पायावरनं अंदाज येतो." कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही 'बघते' न म्हणता 'बघतो' म्हणायची.

"आणि माणसाचा?"

"माणसाचा... आवाजावरनं," ती म्हणाली, आणि आपण हे का बोललो म्हणून उगाच चष्मा पुसत बसली.

नागसेनही लेझरसाठीच आला होता, आणि पुढच्या आठवड्यात दोघांनाही तपासणीच्या निकालासाठी बोलावलं होतं. डॉक्टरांनी संघप्रियाला समजावलं, की तिच्या बुबुळावरचा पडदा पातळ आहे. लेझरनं तो आणखी पातळ होईल, तो धोका नको. खेळताना लेन्स लाव, एरवी चष्मा. नागसेनच्या डोळ्यांना मात्र लेझर चालणार होतं. पण नंतर लांबचं लख्ख दिसलं, तरी चष्मा काढून नाकाशी धरलेलं घुंगरू आतासारखं मोठं दिसणार नाही, त्याला भिंग घ्यावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

दोघं दूध-कोल्ड्रिंकच्या गाडीवर गेले. जिला करायचं होतं तिला नकार, आणि ज्याला होकार त्याचा चेहरा पडलेला. मग चष्मा का घालवायचाय, असं तिनं विचारलं. घरचे म्हणतायत, एवढंच तो म्हणाला आणि ग्लास ढवळत राहिला.

लेन्स लावायला शिकणं सोपं गेलं नाही. बोट जवळ आलं की संघप्रियाचा डोळा गच्च मिटे. लेन्स गालावर, ओढणीवर, कुठंही पडे. एके दिवशी ती अशीच रडकुंडीला आली असताना नागसेन दवाखान्यात उगवला. गुजरीतल्या सराफांकडं माल द्यायला आलो होतो म्हणाला. गुजरी कुठं आणि राजारामपुरी कुठं, पण तिनं विचारलं नाही.

तो शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "चेंडू तोंडावर येताना डोळं मिटत न्हाईस, मग सवताच्या बोटाला काय भितीस?"

तो पहिल्यांदाच अगं-तुगंवर आला होता. त्या नादात ती पापणी मिटायची विसरली. लेन्स बसली. मग दुसरी. तिनं मान वळवली... हनुवटीवर ठिणगीचा बारीक डाग, आणि जाड भिंगांमागं लपून राहिलेल्या लांब पापण्या. ती बघतच राहिली.

"काय झालं?"

"काही न्हाय. दिसायलंय."

तिचा तो आनंद बघून बहुधा त्याला लपवणं जड गेलं. दवाखान्याबाहेर आल्यावर त्यानं सांगून टाकलं. इचलकरंजीचं स्थळ आलं होतं. मुलीकडच्यांना सगळं पसंत होतं, फक्त मुलाचा चष्मा नको होता. ऑपरेशन त्यासाठीच होतं.

संघप्रियानं बरं म्हटलं आणि बस पकडली. स्पष्ट दिसण्याचा पहिला दिवस होता. दुकानांच्या पाट्या, झाडांची पानं सगळं लख्ख होतं, आणि तिला त्यातलं काहीच बघावंसं वाटेना.

सामन्याच्या दिवशी तिनं चेंडूची शिवण न् शिवण पाहिली. दोन अवघड फटके अडवले, एक सुटला, सामना बरोबरीत राहिला. सरांनी पाठ थोपटली. गॅलरीकडं बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं. तो होता. चष्म्यासकट.

सगळे पांगल्यावर तो खाली आला. ऑपरेशनची तारीख घ्यायला निघालो होतो, पण बस इकडंच वळली, असं काहीबाही सांगू लागला.

"तू सांग," तो शेवटी म्हणाला. "करू का नको?"

तिनं हातमोजे काढले. सावकाश, एकेक बोट सोडवत.

"करायचं असलं तर कर. डोळं तुझं हायेत. पण त्या लोकांसाठी नको."

"मग कुणासाठी?"

"सवतासाठी. आणि..." ती थांबली. गाल तापले होते, पण नजर तिनं हलू दिली नाही. "आणि मला विचारशील तर, मला तू चष्म्यात न् बिनचष्म्यात, दोन्हींत चालतोस."

मग त्यानं खिशातून फोन काढला, तिच्यासमोरच घरी लावला, आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाला, "आई, इचलकरंजीच्या पावण्यांना न्हाय म्हणून कळव. का ते... घरी आलो की सांगतो. एकटा येणार न्हाय."